उखळातला गिअर

लाँचचं इंजिन बंद पडलं की आधी माझा स्वयंपाक बंद पडायचा. सिरोंच्याला आमचं घर घाटाच्या अगदी वर होतं आणि नदीवरचा आवाज थेट चुलीपर्यंत यायचा. नवरा लाँचचा ड्रायव्हर. त्याची फेरी सुरू असली की माझे कान तिकडे. आवाज जड झाला की समजायचं, लाँच धारेला लागली. हलका झाला की पलीकडच्या उथळ पाण्यात पोचली. आणि मध्येच थांबला, तर मी पळी हातात धरून तशीच उभी राहायची आणि भात करपायचा. करपलेल्या भातावरून नवरा मला कधी एक शब्द बोलला नाही.

मी सिंदेवाहीकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे बोडी, धानासाठी बांधलेलं गावतळं. तिचा पल्याडचा काठ दिसतो, तिच्यात म्हशी बसतात आणि तिचं पाणी कुठे जात नाही. लग्न होऊन सिरोंच्याला आले आणि प्राणहिता गोदावरीला मिळते तिथलं भर श्रावणातलं पाणी पाहिलं, तेव्हा नवऱ्याला विचारलं, "एवढं पाणी जाते कुठी?"

"समुद्रात," तो म्हणाला.

"अन् तुम्ही?"

तो हसला. मला काही हसू आलं नाही. पोहता मला तेव्हाही येत नव्हतं, आताही येत नाही, आणि पाण्याची भीती घालवायला लोक जे जे उपाय सुचवतात त्यातला एकही मी केलेला नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नदीवर पूल नव्हता. पावसाळ्यात नाल्यांनी आलापल्लीकडचा रस्ता तोडला की आमच्या गावाला एकच वाट उरायची, आंध्राच्या काठाला जाणारी लाँच. बाळंतीण अडली तर लाँच, मीठ-तेल संपलं तर लाँच, पोरीचं लग्न पलीकडे असेल तर वऱ्हाडही लाँचमधून. लाँच घाटाच्या ठेकेदाराची होती आणि ठेकेदार चंद्रपुरात राहायचा, कोरड्या जागी.

जुनं इंजिन मूळचं नावेसाठीच बनवलेलं, पण पार म्हातारं झालेलं. आदल्या पावसाळ्यात ते मध्यधारेत बंद पडलं आणि लाँच माणसांसकट वाहत गेली. पोरगी तेव्हा पोटात होती. मी घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. कुणी पाणी आणून दिलं ते प्यायचं सुचलं नाही, कुणी घरी चल म्हटलं त्याच्या अंगावर ओरडले. दिवस मावळायच्या आत मासेमारांनी आपल्या डोंग्यांतून सगळ्यांना आणलं. लाँच खाली एका बेटाच्या झाडोऱ्यात अडकली होती. नवरा चिखलाने माखलेला, दात वाजत असलेला. त्याला पाहून मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. ठेकेदार पुढे पाहणीला आला तेव्हा मी डोक्यावरचा पदर सावरून त्याला तोंडावर सांगितलं, "एक तं इंजिन बदला, नाई तं ड्रायव्हर बदला. दोनातलं एक." तो हसला, आणि त्याने इंजिन बदललं. म्हणजे हे सगळं मीच मागून घेतलं होतं.

उन्हाळ्यात इंजिन आलं. ट्रकचं. एका मोडीत काढलेल्या ट्रकमधून त्याच्या गिअर-बॉक्ससकट उचललेलं, वर हिरवा रंग फासलेला. सोबत चंद्रपूरचा मेकॅनिक आला. ट्रक त्याने शेकड्याने खोलले असतील, पण नावेत तो बसण्यापुरताही कधी चढला नव्हता. मी चहा देताना विचारलं, हे पाण्यात चालेल ना? "भाभी, इंजन तो इंजन होता है," तो म्हणाला आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. माझ्या पोटात तेव्हाच खड्डा पडला होता, पण बायकांच्या पोटातल्या खड्ड्यावरून कुणी काम थांबवत नाही.

लाँच ओंडक्यांवरून ओढून वाळूवर घेतली होती. तिच्यावर सागाच्या तीन बल्ल्या टेकवून वर एकत्र बांधल्या आणि तिथून साखळीची पुली लटकवली. जुनं इंजिन आधी निघालं, त्याच्यामागे जुना गिअर-बॉक्स. मग नवं इंजिन त्या साखळीला लटकून लाँचच्या पोटावर आलं. ते नीट बसवायला खाली लाँचच्या तळात कुणीतरी हवं होतं. तो माझा नवरा. उताणा पडून तो बोल्टांची भोकं जुळवत होता आणि त्याच्या छातीच्या वर ते हिरवं धूड हळूहळू उतरत होतं. एकदा साखळी कटकन घसरली. वीतभरच घसरली आणि अडली. सगळे "हे!" म्हणून ओरडले, मग हसले. खालून त्याचा आवाज आला, "हाय, हाय, जिवंत हाय." मी पोरीला कडेवर घेऊन घरी निघून आले. पुढचं काम पाहायला गेलेच नाही. घरात बसून नुसता हातोड्यांचा आवाज ऐकत राहिले.

आणि त्या सगळ्या खटाटोपात एक साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. लाँचच्या मागे पाण्यात जो पंखा असतो, ज्याच्या जोरावर ती चालते, त्याची पाती जुन्या इंजिनाच्या फिरण्याला धरून वळवलेली होती. ट्रकचं इंजिन त्याला उलट बाजूने फिरवणार होतं. वाळूवर उभ्या लाँचला हे कळायचं काही कारण नव्हतं. मेकॅनिकला चाकं ठाऊक, माझ्या नवऱ्याला फक्त जुनं इंजिन ठाऊक. जो तो आपापल्या जागी बरोबर होता.

मृगाचं पाणी चढलं, लाँच तरंगली. घाटावर गाव जमलं. घाटावरचा सगळ्यात जुना नावाडी तेलुगू माणूस. सगळे त्याला ताता म्हणत, म्हणजे आजोबा. नारळ आणि कोहळा घेऊन तो पुढे आला. नव्या इंजिनाला कुंकू लावायचं, कोहळा फोडायचा, दृष्ट काढायची, मग लाँच सोडायची. नवऱ्याने हात जोडून नाही म्हटलं. माझ्या सासऱ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेली. आमच्या घरात बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागायची, यंत्राला कुंकू लागत नसे. "ताता, तुमचा मान हाय मले. पण मी लोखंडाले कुकू नाई लावत," तो म्हणाला. ताताने कोहळा परत काखेला मारला. 

मग नवऱ्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. लाँच मागे निघाली. नुसती निघाली नाही, दोर ताणत, मागे बांधलेल्या डोंग्यांवर जाऊन आदळली. एक डोंगा उलटा झाला, एकाचं जाळं पंख्यात जाता जाता वाचलं. घाटावर हशा पिकला. नवऱ्याने घाईने दांडा मागे ओढून रिव्हर्स टाकला, तर लाँच गुमान पुढे चालू लागली.

"म्हंजे रिव्हर्समदी टाकला का समोर जाते, अन् समोरचा टाकला का मांगं?" त्याने मेकॅनिकला विचारलं.

मेकॅनिकने बिडी पेटवली, पंख्याकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं. "हाँ. इतनाही है. बस, उल्टा समझ लो."

उलट्या पात्यांचा पंखा समुद्राकडच्या गावातून ओतून आणावा लागणार होता. तो यायला पावसाळा जाणार, आणि आला तरी पूर असताना लाँच बाहेर काढता येणार नाही. ठेकेदाराचा निरोप आला की तोवर तसंच चालवा. एवढंच तर आहे, उलटं समजायचं.

हे "एवढंच" म्हणणाऱ्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. जुन्या इंजिनाचा दांडा पुढे ढकलला की लाँच पुढे जायची, मागे ओढला की मागे. वर्षानुवर्षं माझ्या नवऱ्याचा हात तेच करत आला होता. डोकं उलटं समजेल हो, पण हात? पाण्यात ब्रेक नसतो. लाँच थांबवायची तर मागचा गिअर टाकूनच थांबवायची. घाटाच्या दगडी पायऱ्या समोर आल्या, किंवा पुरात वाहत आलेला ओंडका आडवा आला, तेव्हा डोक्याला विचारायला सवड कुठे असते? तेव्हा हातच चालतो. आणि तो हात जुन्या इंजिनाचा होता. मला माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची भीती वाटायला लागली.

घाटावर हशा ओसरला तशी कुजबुज सुरू झाली. पूजा नाही केली, म्हणून यंत्र उलटं चालतं. "पंख्याले राग नाई येत. पाते उलटे हायेत," नवरा समजावत होता. पण लाँचमध्ये पाय ठेवायला कुणी तयार होईना. तेव्हा ताताने तोड काढली. त्यांच्या नावाड्यांत एक रीत होती. नवी नाव पाण्यात उतरली की पहिल्या खेपेला नावाड्याच्या घरची माणसं बसायची. मग बाकीचे. "देव नको म्हणतोस ना, नको," तो आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला. "तुझी बायको, तुझं लेकरू बसव. मग आम्ही बसतो."

यात कुंकू नव्हतं, नारळ नव्हता. नाही म्हणायला नवऱ्याकडे काही उरलं नाही. "बसवतो," तो म्हणाला.

घरी येऊन हे त्याने सांगितलं तेव्हा मी धान कांडत होते. मुसळ उखळात तसंच उभं सोडलं.

"मले इचारलं काऊन नाई?"

"इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं! मले पोहता येते का? पोरगी तं अजून धड चालत नाई."

"मले येते ना पोहता."

"बुडाली लाँच तं कोणाले धरान? मले का पोरीले?"

तो जमिनीकडे बघत बसला. हा प्रश्न माझ्या आधी त्याच्या मनात येऊन गेला होता हे मला त्याच्या मानेवरून कळलं. सकाळी निघायचं ठरलं होतं. भांडून काही बदलणार नव्हतं. माझी नजर उखळाकडे गेली. मुसळ जमिनीतल्या उखळात उभं होतं, इकडे तिकडे कलणारं, अगदी त्या दांड्यासारखं.

"बसा इथी," मी म्हणाले. "धरा हे."

त्याला आधी समजलं नाही. मग त्याने पाटावर बसून उजव्या हातात मुसळ धरलं आणि डावा पाय एका विटेवर ठेवला. ती वीट म्हणजे क्लच. मी चुलीपाशी बसून ओरडायची. "समोर!" म्हटलं की लाँच पुढे न्यायची, म्हणजे त्याने मुसळ मागे ओढायचं. "मांगं!" म्हटलं की पुढे ढकलायचं. पहिल्यांदा तो दर वेळी चुकला. मी "मांगं!" म्हटलं की हात मागेच जायचा. चुकला की मी झारा कढईवर आपटायची. पलीकडची तेलुगू शेजारीण, तिला आम्ही अक्का म्हणायचो, आवाज ऐकून कुडावरून डोकावली आणि एवढा मोठा बाप्या मुसळाशी काय खेळतोय ते पाहून पदर तोंडात कोंबून हसली. मी वांगी चिरताना ओरडत होते, पोरीला भरवताना ओरडत होते, त्याने घास तोंडात घातला की मुद्दाम ओरडत होते. त्याचा डावा हात भाताने भरलेला, उजवा मुसळावर. हळूहळू हात न चुकता जायला लागला. तरी मधूनच एखाद्या वेळी तो उलटा जायचाच, आणि ती एक वेळ नेमकी कुठली असेल, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता.

सकाळी मी पोरीला लुगड्याच्या पदराने पोटाशी बांधलं. ट्रकच्या चाकाची एक हवा भरलेली ट्यूब नवऱ्याने लाँचमध्ये टाकली होती, तिच्यात एक हात अडकवून मी इंजिनाच्या पेटीला लागून बसले, त्याच्या पायाशी. ताता आपणहून चढला, हातात लांब बांबू. म्हणाला, मी माणसांत धरलेलो नाही, मी बांबू धरायला आलोय. बाकी सगळं गाव घाटावर उभं होतं. मला त्या सगळ्यांचा संताप आला.

नवऱ्याने दांडा मागे ओढला. लाँच पुढे निघाली. नव्या इंजिनाचा आवाज मोठा, एकसारखा. जुन्याचा आवाज मला वाचता यायचा, याचा येईना. पाणी गढूळ, मातकट, फेसाचे पुंजके घेऊन निघालेलं. मी पाण्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्याच्या हाताकडे पाहत राहिले. त्याची बोटं दांड्यावर पांढरी पडली होती. धार लागली तशी लाँच तिरपी झाली आणि मी बुद्धं सरणं म्हणायला लागले. पुढचे शब्द सुचेनात, तेच ते म्हणत राहिले.

ताताने तेलुगूत काहीतरी हाक दिली. वरच्या बाजूने झाड येत होतं. अख्खं, मुळांसकट, अर्धं बुडालेलं. आमच्या नाकासमोरूनच जाणार होतं, आणि आम्ही सरळ त्याच्याकडे चाललो होतो. मागे यायला हवं होतं. नवऱ्यानेही पाहिलं. त्याचा हात दांड्यावर गच्च झाला आणि त्याने दांडा मागे ओढला.

दांडा आधीच मागे होता. तो आणखी ओढत होता, खांदा मोडेल इतक्या जोराने. गिअर अडकला असं त्याला वाटत होतं हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. झाडाच्या मुळांतली माती मला दिसत होती.  

"मांगं!" मी ओरडले. चुलीपाशी ओरडायची तसंच.

त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्याचा पाय क्लचवर गेला, हात पुढे गेला. गिअर करकरला, सगळी लाँच हादरली, आणि पाण्यात घुटमळून मागे सरकायला लागली. ताताने बांबू झाडाला लावला. झाड आमच्या नाकासमोरून गेलं. त्याची एक मुळी लाँचच्या टोकाला घासली, तिचा आवाज अजून माझ्या दातांत आहे. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. ती झाडाला भ्याली नव्हती, माझ्या ओरडण्याला भ्याली होती.

पलीकडच्या काठाला लागलो. ताताने हात धरून उतरवलं, "अम्मा" म्हणाला आणि बांबू पुसत बसला. परतीला त्या काठावरची माणसं चढायला आली. ताताने त्यांना काय सांगितलं कोण जाणे. त्यांनी माझी इंजिनाजवळची जागा रिकामी ठेवली होती.

तिथून पुढे पावसाळाभर ती जागा माझीच झाली. पोरीला अक्काकडे ठेवायची आणि दर फेरीला लाँचवर. मी नसले तर लोक चढायचे नाहीत, आणि नवराच म्हणाला, "तू बोलली का हात चालते." बायका चढताना माझ्या पायाला हात लावायच्या, कुणी जास्वंद माझ्या मांडीवर ठेवायची. "कोहळ्याची जागा तुले देल्ली," नवरा चिडून म्हणायचा. मी चिडायची तर नाहीच, उलट मला ते फूल बरं वाटायचं.

भीतीची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.  लाँचवर बसले की कमरेखालचं अंग माझं नसल्यासारखं वाटायचं. तोंडाने मात्र "समोर", "मांगं" चालू. शेवटी शेवटी त्याचा हात माझ्या आधीच बरोबर जायला लागला होता. तरी मी ओरडायची. त्याच्याकरता किती आणि माझ्याकरता किती, हे मी कधी तपासलं नाही.

पाणी उतरलं, लाँच वाळूवर घेतली, उलट्या पात्यांचा पंखा आला आणि बसला. आता सगळं सरळ झालं. दांडा पुढे की लाँच पुढे, दांडा मागे की लाँच मागे. गाव खूश, ठेकेदार खूश. मी मात्र धास्तावले. जो हात वर्षानुवर्षं सरळ होता त्याला मी पावसाळाभर उलटं शिकवलं होतं. आता तो पुन्हा सरळ व्हायला हवा होता, आणि नुसता पंखा बदलून तो होणार नव्हता.

"उखळापाशी बसू पुन्हा," मी जेवताना म्हणाले.

"पाहू उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला न्हाऊ घालत होते आणि खालून इंजिनाचा आवाज आला. तो मला न सांगता गेला होता. पोरीला तशीच ओली अक्काच्या हातात देऊन मी घाटावर धावले. पंखा सरळ झाला तसे लोक माझ्यावाचूनही चढले होते; लाँच भरलेली, धारेच्या पलीकडे निघालेली. माझी जागा रिकामी दिसत होती.

काठावरून पाहणं किती वाईट असतं हे मी पावसाळाभरात विसरले होते. लाँचवर निदान माझा आवाज त्याच्या कानाशी होता. इथे मी नुसती उभी. लाँच पलीकडे लागली, पुन्हा भरली, परत निघाली. घाटाजवळ आली तशी मला त्याचा खांदा दिसायला लागला. आता थांबवायची वेळ. आता दांडा मागे. मी पाहिलं, तो दांडा पुढे रेटत होता. आधीच पुढे असलेला दांडा, मी शिकवला होता तसा, जीव खाऊन.

"मांगं!" मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. लाँच पायऱ्यांवर येत होती. मी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण मिटेनात. मग एकदम आवाज थांबला. त्याने इंजिनच बंद केलं होतं. लाँचच्या टोकाला उभ्या ताताचा बांबू पायरीला लागला, वाकला, आणि लाँच धाडकन दगडावर आदळली. माणसं एकमेकांवर पडली, एकीची टोपली नदीत गेली. पुढची फळी उभी चिरली. गुडघे फुटले, कपाळं फुटली, पण सगळी माणसं पायऱ्या चढून वर आली.

सगळे गेल्यावर मी खाली उतरले. तो चिरलेल्या फळीवरून हात फिरवत बसला होता. 

"मले सोडून काऊन गेलते?"

 तो फळीकडेच बघत म्हणाला, "तू त्या दिवशी इचारलं होतं, तुले का पोरीले. पावसाळाभर तू माह्या पायाशी बसून राह्यली, अन् पावसाळाभर मी तेच ठरवत राह्यलो. तुले धरलं अन् दोघंबी बुडलो तं मांगं पोरगी कोणाची, अन् तुले सोडलं तं मी कशाले वाचू. ठरलंच नाई. म्हणून म्हटलं, आता बुडलो तं एकटाच बुडीन."

मी भीत होते, तेव्हा तोही भीत होता. माझ्याहून जास्त भीत होता, आणि मी त्याच्या पायाशी बसून रोज त्याची भीती वाढवत होते. हे ऐकून मी त्याला जवळ घेतलं असतं तर बरं दिसलं असतं. मी त्याला म्हणाले, "एकटे बुडान? मोठे आले एकटे बुडणारे!" आणि पायऱ्या चढून घरी आले. त्या संध्याकाळी मुसळ पुन्हा उखळात उभं केलं. तो गुमान येऊन पाटावर बसला, विटेवर पाय ठेवला, आणि मी ओरडायला लागले. त्याचा हात चुकत होता. मी झारा आपटत होते. अक्का कुडावरून पाहत होती, पण त्या दिवशी हसली नाही.

फळी सांधून झाली त्या सकाळी मी पोरीला अक्काकडे दिलं आणि त्याच्या आधीच लाँचवर जाऊन बसले, इंजिनाजवळ.  तो आला, मला पाहून थबकला, मग चढला. इंजिन सुरू केलं आणि दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. तो कशाची वाट पाहत होता ते मला कळलं.

"समोर," मी म्हणाले.